वाघ घातलेलं इंजिन

“जोती, ह्यात वाघ घाल.”

असं म्हणून जयसिंगदाजींनी बुटाच्या टोकानं इंजिनाला ढोसलं. इंजिन कसलं, एका म्हाताऱ्या फियाट टॅक्सीतून उतरवलेला, तेलानं काळा पडलेला गोळा होता तो. बिचाऱ्यानं जन्मभर एसटी स्टँड ते अंबाबाईचं देऊळ एवढंच केलेलं. त्याच्यात दाजींना वाघ हवा होता.

“दाजी, हा बैल हाय,” मी म्हणालो. “गुणाचा बैल हाय, पण बैलच.”

“मग तुझा उपयोग काय?” दाजी म्हणाले, आणि त्यांच्या मागं उभे असलेले तिघे-चौघे दोस्त हसले. दाजी बोलले की हसायचं, एवढंच काम त्यांना होतं. चहा आमच्या दुकानातून जायचा.

दुकान म्हणजे उद्यमनगरातली आमची शेड. इंजिनाचं बोअरिंग, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून पुन्हा गोल करून द्यायचे, हे आमचं पिढीजात काम. आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, तरुणपणी भंगारातून एक बोअरिंग मशीन आणलं होतं आणि त्याचे मोडके दात स्वतःच्या हातानं कापून ते उभं केलं होतं. त्या मशीनवर आमचं घर जगलं. आबा गेले तेव्हा मी शाळेत होतो. घरात कर्ता पुरुष नाही म्हणून सगळं थोरल्या जावयाच्या, म्हणजे दाजींच्या, नावावर झालं, आणि जावई सासुरवाडीतच राहायला आले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी रोज सकाळी आंघोळ करून, केसाला तेल लावून गल्ल्यावर बसलेला बघत मोठा झालो.

मशीन मी चालवायचो. हिशेब, घर आणि दाजी हे तिन्ही माझी थोरली बहीण आक्का सांभाळायची. दाजी स्वतः विचार करायचे. त्या वर्षी त्यांच्या विचारात मोटारगाडी आली. सुट्या भागांत मिळणारी गाडी. फायबरचं अंग, पाइपचा सांगाडा, दोन जणांना बसायला जागा, वर छप्पर नाही. इंजिन आपलं आपण घालायचं. ते लालभडक अंग ज्या दिवशी टेम्पोतून उतरलं, त्या दिवशी दाजींनी काळा गॉगल आणि कातडी हातमोजे घेतले. गाडीला चाकं लागायला अजून अवकाश होता, पण मोजे हातातून निघाले नाहीत. भाजी आणायलाही मोजे घालून.

एवढ्यावर थांबते तर हसून सोडून दिलं असतं. पण मंगळवार पेठेतल्या विश्वविजय सरनाईकानंही अशीच एक गाडी बांधली होती, आणि दाजींनी चारचौघांत त्याला शर्यतीचं आव्हान दिलं. दसऱ्याच्या सकाळी, बंद पडलेल्या सूतगिरणीच्या मागच्या सरळ रस्त्यावर. शर्यत बघायला पुण्याचे एक साहेब येणार होते. गाडी जिंकली तर ते भांडवल घालणार, आणि आमच्या शेडमध्ये अशा गाड्यांचा कारखाना निघणार.

“शेडमधी? मग बोअरिंग कुठं करायचं?” मी विचारलं.

“बोअरिंग?” दाजींनी तो शब्द तोंडात माशी गेल्यासारखा थुंकला. “आता तेल-काळ्याची कामं बंद. मशीन इचलकरंजीचा माणूस उचलणार हाय. बोलणं झालंय. निकाल लागला की त्येचा ट्रक ईल.”

मी आक्काकडं बघितलं. ती दारात चहाचे कप विसळत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले.

म्हणजे आता हिशेब असा झाला होता. गाडी जिंकली की आबांचं मशीन ट्रकात चढणार, आणि गाडी जिंकवायची कुणी, तर मी.

त्या संध्याकाळी आक्का मशीनपाशी आली. जुन्या चिंधीनं त्याचं चाक पुसत म्हणाली, “जोती, गाडी पळंल?”

“पळंल.”

“लई पळंल?”

“हात लावला तर चांगलाच लावणार की.”

ती जरा वेळ पुसत राहिली. मग हळूच म्हणाली, “थोडी कमी पळाली तर?”

मी तिच्यावर डाफरलो. “म्हंजे काय? मुद्दाम बिघडवू? आबांच्या मशीनवर बोअर केलेलं इंजिन रस्त्यात बसलं, तर उद्या कोण इथं इंजिनाचा ब्लॉक घेऊन ईल? आन् ह्या मोजेवाल्यापायी मी खोटं काम करू? त्येची तेवढी लायकी हाय व्हय?”

“न्हाई,” आक्का म्हणाली. “तेवढी न्हाई.” आणि स्वयंपाकाला निघून गेली.

मी कामाला लागलो. खरं सांगतो, त्या कामासारखा आनंद मला पुन्हा क्वचित मिळाला. दाजींची ताकदीची कल्पना सोपी होती. सायलेन्सर काढा, आवाज वाढवा, बाजूला वाघाचं चित्र काढा. उथळ पाण्याला खळखळाट फार. इंजिनाची ताकद त्याच्या श्वासात असते. जास्त हवा आत घ्यायची, नीट जाळायची, अडथळ्याशिवाय बाहेर सोडायची. म्हाताऱ्या इंजिनाला कुणी नीट श्वासच घेऊ दिलेला नसतो, एवढाच त्याचा दोष.

मी सिलिंडर बोअर केले. पिस्टन गुजरीत नेऊन सराफाच्या तराजूवर तोलले आणि जड होते ते आतून कातून सगळे एका वजनाचे केले. सराफ म्हणाला, एवढ्या काट्यावर लोक मंगळसूत्रही तोलून घेत नाहीत. सिलिंडरवरचं झाकण, म्हणजे हेड, घासून खाली घेतलं. हवेच्या वाटा आतून आरशासारख्या केल्या. फ्लायव्हीलचं फुकटचं वजन लेथवर उतरवलं. हवा आणि पेट्रोल मिसळणारा, दोन घशांचा कार्बोरेटर भंगारबाजारातून शोधून आणला, हवा गाळणारा डबा काढून टाकला, आणि त्या दोन घशांवर ॲल्युमिनियमचे दोन भोंगे कातून बसवले. आभाळाकडं तोंड करून उघडे. इंजिन चालू केलं की ते भोंगे हवा अशी ओढायचे, की वर धरलेला तळहात आत खेचला जायचा.

दाजींना त्यातले भोंगे तेवढे आवडले, कारण ते चमकत होते.

“हे झाकू नकोस. दिसू दे,” ते म्हणाले.

“झाकत न्हाई. पण उघडी तोंडं हायती दाजी, आत काय पडू देऊ नका.”

“मला शिकवतोस?”

एकदा मी गाडी शेडपासून नाक्यापर्यंत फिरवून आणली. दाजींना माहीत नाही, ते केस कापायला गेले होते. नाक्यावर पाय जरा दाबला, आणि मला माझ्याच अंगावर काटा आल्याचं कळलं. तो बैल राहिला नव्हता. मी गाडी परत आणून जागेवर लावली, आणि आबांच्या मशीनकडं पाठ करून बसलो.

खंडेनवमीला दुकानात हत्यारं खाली ठेवली. त्या दिवशी पान्यालासुद्धा हात लावायचा नाही, हा नियम. सगळी अवजारं पुसून ओळीनं मांडायची, मशीनला हार घालायचा, आणि पूजा घरच्या लेकीनं करायची. आबांच्या वेळेपासून आक्काच करते. तेव्हा मशीनवर एक उघडा ब्लॉक चढवलेला होता. आक्कानं आधी त्याच्या प्रत्येक सिलिंडरच्या तोंडावर विड्याचं एक-एक पान ठेवलं, मग हळद-कुंकू वाहिलं, मग चिमटीनं अक्षता टाकल्या. हीसुद्धा आबांची शिकवण. ते म्हणायचे, “उघड्या तोंडाला आधी पान, मग अक्षता. देवाच्या नावानं पडला म्हणून काय झालं, आत गेलेला दाणा दाणाच असतोय.”

दाजी मागं उभे होते. मशीनला नमस्कारही न करता म्हणाले, “पोटभर पूजा करून घ्या. शेवटचीच.”

दोस्त हसले. आक्कानं आरतीचं ताट खाली ठेवलं आणि मशीनच्या पायाला डोकं टेकवलं.

दसऱ्याच्या सकाळी गाडीची पूजा शेडच्या दारात व्हायची होती. मी कॅन घेऊन पेट्रोल आणायला गेलो, आणि पंपावर सणाची गर्दी निघाली. परत येतो तर सगळं उरकलेलं. पुण्याचे साहेब आले होते, पांढऱ्या बुटातले, आणि धूळ कुठं बसेल या काळजीत पाय उचलून उभे होते. दाजी त्यांच्याशी पुस्तकातली भाषा बोलत होते.

“या इंजिनावर आम्ही सखोल संशोधन केलेलं आहे,” ते म्हणत होते. जन्मात त्यांनी एक नट सरळ आवळला नव्हता.

गाडीचं बॉनेट मिटलेलं, त्याच्यावर झेंडूचा हार ताणून बांधलेला, चाकाखाली लिंबं. मी आक्काजवळ गेलो. तिच्या हातात ताट होतं.

“मी येस्तोवर थांबायचं की गं.”

“मुहूर्त टळतोय म्हणालं.”

“भोंग्यावर पानं ठेवली हुतीस न्हवं?”

“ठेवली हुती,” आक्का म्हणाली.

मी निश्चिंत झालो. आक्कानं पान ठेवलं म्हणजे ठेवलं. मी पेट्रोल ओतलं, दाजींनी गॉगल चढवला, आणि गाडी निघाली. इंजिन जागेवर मांजरीसारखं गुरगुरत होतं. मी टेम्पोत मागं बसलो. आक्का घरीच राहिली.

सूतगिरणीच्या रस्त्याला दुतर्फा मंगळवार पेठेतली आणि उद्यमनगरातली माणसं जमली होती. हलगी होती, गुलाल तयार होता. सरनाईक आपल्या गाडीत हाताची घडी घालून बसलेला, तोही तसाच दीडशहाणा, फक्त त्याच्याकडं मोजे नव्हते. रुमाल खाली पडला आणि दोन्ही गाड्या सुटल्या.

आणि माझं इंजिन पळालं. सुरुवातीलाच दाजी दोन गाड्यांचं अंतर पुढं गेले. आमच्या बाजूची माणसं ओरडायला लागली. मी ओरडलो नाही. मला ट्रक दिसत होता, मशीनचे नट सोडणारे परके हात दिसत होते, आणि तरीही माझी मूठ आवळलेली होती आणि मी मनात म्हणत होतो, पळ, पळ माझ्या वाघा. माणसाचं मन असलंच असतं.

अर्ध्या रस्त्यात दाजींनी पाय पूर्ण दाबला असावा. इंजिनाचा आवाज चढला, आणि फाटला. फाट्, फाट्, फट्. मागून काळा धूर आला. गाडी खोकत, अडखळत, धापा टाकत चालली. सरनाईक शेजारून निघून गेला, जाताना त्यानं हातसुद्धा हलवला. दाजी शेवटच्या खुणेवर पोचले तोवर तिकडं गुलाल उधळून झाला होता.

दाजी उतरले आणि त्यांनी चाकाला लाथ घातली. “जुनं ते जुनंच,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “आणि मी विश्वास ठेवला कुणावर, तर मेव्हण्यावर. ह्याच्या हातात दोष आहे.”

जिंकते तर संशोधन त्यांचं होतं. हरल्यावर हात माझा झाला.

साहेबांनी पांढरे बूट झटकले. “बॉडीचा रंग मात्र छान आहे,” ते म्हणाले आणि गाडीत बसून निघून गेले. भांडवल त्यांच्याबरोबर गेलं. संध्याकाळी आपट्याची पानं द्यायला गल्लीत बाहेर पडलो, तर जो तो सोनं हातात देताना विचारत होता, “काय जोती, वाघाला खोकला झाला म्हणं?”

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्याबरोबर मी भोंगे उतरवले. घशात वाकून बघितलं, आणि मला आधी काही कळलंच नाही. आत तांदूळ होते. कुंकवानं लाल झालेले, पेट्रोलनं भिजलेले. कार्बोरेटरच्या माथ्यावर हवेची बारीक छिद्रं असतात. इंजिन हळू चालतं तोवर दाणे शहाण्यासारखे बाजूला पडून राहिले. पाय दाबल्यावर ओढ वाढली, आणि एकेक दाणा छिद्रावर बूच मारल्यासारखा जाऊन बसला. हवा बंद, पेट्रोल मोकाट, म्हणून तो काळा धूर. इंजिनाला बाकी काही झालं नव्हतं.

आणि दाणे चिमूटभर नव्हते.

मी ते तळहातावर घेऊन घरात गेलो. आक्का सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी लाल दाणे सुपाच्या कडेला ठेवले.

तिनं ते बघितले आणि निवडणं चालू ठेवलं.

“आक्का, पानं ठेवली हुती म्हणालीस.”

“ठेवली हुती. खोटं न्हाई बोलले.”

“मग?”

“त्येंनी काढून फेकली. फोटू काढायचा हुता, भोंगं चमकाय पायजेत साहेबाला. म्हटलं, अवो, तोंडं उघडी हायती, आबा सांगायचं. तर साहेबाम्होरं म्हणालं, ‘तू नुसतं ताट धर. इंजिनातलं बायकांना काय कळतंय?’” आक्कानं एक खडा उचलून बाजूला टाकला. “साहेब हसला. ते चौघं बी हसलं.”

“आन् मग?”

“मग नुसतं ताट धरलं. एका हातानं. दुसरा मोकळाच हुता.”

“चिमूट टाकलीस?”

“पूजेत चिमूट असती,” आक्का म्हणाली. “मी मूठ टाकली.”

आबांच्या शेडमध्ये लहानाची मोठी झालेली बाई ती. दाणा कुठं जाऊन बसतो हे तिला मोजेवाल्याच्या सात पिढ्यांपेक्षा जास्त कळत होतं. पण मला त्या क्षणी कौतुक नाही, संताप आला, आणि तो मी बोलून दाखवला.

“माझं नाव घालवलंस आक्का. सगळं उद्यमनगर हसायलंय मला. दाजी गल्लीत सांगत फिरत्यात, जोतीच्या हातात दोष हाय.”

“सांगू दे. उद्या चार ब्लॉक बोअर करून दिलंस की नाव माघारी ईल. मशीन ट्रकात चढलं असतं तर ते आलं असतं माघारी?”

बाहेर दाजी कुणाला तरी सांगत होते, की एवढ्यात कारखाना काढण्यात अर्थ नाही, बाजार थंड आहे. इचलकरंजीच्या माणसाला त्यांनी सकाळीच नको म्हणून कळवलं होतं. बोअरिंग चालू राहणार होतं, कारण मोज्यांना आणि चहाला पैसा तिथूनच यायचा.

आक्कानं सूप बाजूला सारलं.

“जोती, एक खरं सांग. दाणं नसतं पडलं, तर जिंकली असती व्हय गाडी?”

“का?”

“रातभर झोप न्हाई. पूजेच्या अक्षता तसल्या कामाला लावल्या. तुझ्या कामावर माती घातली. आन् ती तशी बी हरणारच असंल, तर मग मी हे पाप उगंच केलं की रं.”

माझ्या रागाची तिला भीती नव्हती. तिला भीती होती ती आपली मूठ फुकट गेल्याची.

“असं सांगून कळायचं न्हाई,” मी म्हणालो. “उठ.”

दाजी दुपारी जेवून आडवे झाले. मी छिद्रं साफ केली, भोंगे चढवले, आणि आक्काला शेजारी बसवून गाडी बाहेर काढली. पदर तिनं डोक्याभोवती घट्ट आवळून कमरेला खोचला होता. सूतगिरणीच्या रस्त्यावर कुणी नव्हतं. कालचा गुलाल कडेला पडला होता.

“धर,” मी म्हणालो, आणि पाय पूर्ण दाबला.

इंजिन यावेळी फाटलं नाही. आवाज चढला, आणखी चढला, भोंग्यांनी हवा ओढली, आणि गाडी अशी सुटली की आक्काची पाठ बाकाला चिकटली. दाजी जिथं खोकायला लागले होते, ती जागा कधी आली आणि कधी गेली हे कळलं नाही. शेवटची खूण मागं पडली तरी आत अजून जोर शिल्लक होता. मी हळूहळू पाय उचलला. गाडी थांबली. आक्काच्या डोळ्यांतून वाऱ्यानं पाणी आलं होतं, ते तिनं पदरानं पुसलं.

“एवढी पळती?” ती म्हणाली.

“एवढी पळती.”

“सरनाईकाच्या फुडं गेली असती?”

“लई फुडं.”

आक्कानं मोठा श्वास सोडला, कपाळावरचे केस सारखे केले, आणि अगदी समाधानानं म्हणाली,

“मग तांदूळ वाया न्हाई गेलं.”